सवलत क्रश सँडला मिळाली, डोंगराच्या वाट्याचे काय?

प्रति,
ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतून विधिमंडळावर गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

मी तुर्भ्याची. शिळफाट्याच्या बाजूला एका खडी-रेती सप्लायरच्या ऑफिसात हिशेब लिहिते. माझे सासरे बाहत्तरच्या दुष्काळानंतर गाव सोडून इकडे आले आणि पारसिकच्या डोंगररांगेतल्या एका दगडखाणीत कामाला लागले. नवी मुंबई वसवणारी सिडको नुकतीच, १९७० साली, स्थापन झाली होती. वाशी-नेरूळच्या पहिल्या इमारतींना आणि रस्त्यांना जी खडी लागली तिच्यात त्यांच्या हातचीही असणार. आजही आमचे घर त्याच धंद्यावर चालते. तेव्हा ‘खाणी बंद करा’ म्हणणारी ही कुणी बाई आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. खाणी बंद झाल्या तर सगळ्यात आधी माझाच पगार थांबेल.

पत्राला निमित्त आहे ते राज्य मंत्रिमंडळाच्या मे २०२५ मधल्या कृत्रिम वाळू धोरणाचे. नदी-खाडीतली वाळू वाचावी म्हणून दगड दळून केलेल्या वाळूला, म्हणजे आमच्या भाषेत क्रश सँडला, उत्तेजन द्यायचे ठरले. दगड काढल्याबद्दल सरकारला जी रॉयल्टी भरावी लागते, ती प्रकल्प उभारणाऱ्यांना प्रति ब्रास (म्हणजे शंभर घनफुटांमागे) ६०० रुपयांऐवजी २०० रुपये लागेल असे जाहीर झाले. सरकारी बांधकामांत ही वाळू वापरण्याची सक्तीही टप्प्याटप्प्याने वाढत जाणार आहे. हेतू चांगला आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. मुंब्र्याच्या खाडीत रात्री सक्शन पंप लावून उपसा कसा चालतो हे तुम्हाला मी सांगायला नको. काठ खचतात, कांदळवन उघडे पडते, आणि कारवाई झाली की पंप जप्त झाल्याचे फोटो छापून येतात.

पण वाळू आता खाडीतून येणार नसेल तर ती डोंगरातून येणार, आणि डोंगर आमच्या घरामागे आहे. नदीवरचा भार डोंगरावर सरकवताना डोंगरासाठी वेगळी तरतूद काय केली, हे मी निर्णयाच्या बातम्यांत शोधले. उद्योगाचा दर्जा होता, वीज शुल्कातली सवलत होती, रॉयल्टी कमी केल्याचे होते. डोंगराचा आणि त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांचा उल्लेख कुठे दिसला नाही.

माझ्या तक्रारी सरळ वहीतूनच मांडते, कारण मला कळते ते वहीतले.

आमच्याकडे गाडी भरून आली की हौद्यात टेप पडते. लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्यायची, गुणाकार करायचा, शंभराने भागायचे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वजनाने चार-साडेचार टन. वर ढीग किती, हौद्याच्या कोपऱ्यात पोकळी किती, यावर ड्रायव्हर आणि आमचा माणूस रोज भांडतात, तो भाग वेगळा. मग ‘महाखनिज’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीचा वाहतूक पास तपासायचा आणि वहीत रकाने भरायचे. एक रकाना रॉयल्टीचा. त्याच्या शेजारचा रॉयल्टीच्या दहा टक्क्यांचा, त्याच्या डोक्यावर आम्ही नुसते ‘डीएमएफ’ लिहितो. म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणींमुळे ज्यांचे हाल होतात त्यांच्यासाठी जिल्ह्यात वेगळा निधी असावा, म्हणून २०१५ साली १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात ही तरतूद आली. दगड, मुरूम, वाळू यांसारख्या गौण खनिजांवर तो निधी कसा घ्यायचा हे राज्याने ठरवायचे होते, आणि आपल्या राज्याने २०१६ च्या नियमांनी ते ठरवले.

आता हिशेबाला पाच ब्रासची गाडी धरा. जुन्या दराने रॉयल्टी ३,००० रुपये आणि शेजारच्या रकान्यात ३००. सवलतीच्या दराने रॉयल्टी १,००० आणि शेजारी १००. डोंगर तेवढाच फुटला. सुरुंग तेवढेच उडाले. उलट खडीपेक्षा क्रश सँड करताना दगड जास्त दळावा लागतो, म्हणून धूळ वाढते आणि धुवायला पाणी जास्त लागते. त्या पाण्याबरोबर जो चिखलासारखा गाळ निघतो तो ओढ्याला सोडायचा की वाळवून भरावाला वापरायचा, हे त्या त्या प्रकल्पवाल्याच्या मनावर. म्हणजे झळ वाढली आणि झळ बसणाऱ्यांचा वाटा एक-तृतीयांशावर आला. ज्यांनी सवलत आखली त्यांच्या हे लक्षात आले नसेल असे मी समजते. पण लक्षात आणून दिल्यावरही तसेच राहिले तर मग तो निर्णयच धरावा लागेल.

तुम्ही म्हणाल, सवलत दिल्याशिवाय लोक नदीची वाळू सोडणार नाहीत. खरे आहे. भावात फरक पडल्याशिवाय बिल्डर हलत नाही, हे मी रोज फोनवर ऐकते. पण सवलत द्यायचीच होती तर रॉयल्टीतला सरकारी तिजोरीचा भाग सोडायचा होता. दहा टक्क्यांचा रकाना जुन्या सहाशेवरच धरायचा होता. पाच ब्रासच्या गाडीमागे दोनशे रुपयांचा फरक. एवढ्याने एकही क्रशर बंद पडला नसता.

दुसरी तक्रार पैसे गोळा झाल्यावरची. खाणीच्या नावावर, धुराच्या नावावर, पर्यावरणाच्या नावावर पैसे घ्यायचे आणि ते भलत्याच खात्यात वळवायचे, याचा या देशाला जुना सराव आहे. कोळशावर २०१० साली टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा अधिभार बसला. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. सात-आठ वर्षांत ८६ हजार कोटींच्या वर रक्कम जमली आणि स्वच्छ ऊर्जेच्या राष्ट्रीय निधीत त्यातली ३० हजार कोटीसुद्धा गेली नाही. प्रत्यक्ष खर्च त्याहूनही कमी. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो अधिभार राज्यांच्या भरपाईला जोडला गेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कोळशावरचा भरपाई उपकर काढून त्या जागी जीएसटीचा दर ५ वरून १८ टक्के केला. कर राहिला, त्यातले ‘स्वच्छ’ तेवढे गळाले. हे दिल्लीचे झाले. पण आपल्या जिल्ह्यांतला गौण खनिजांचा निधी त्याच वाटेने जाऊ नये म्हणून कुणी पहारा ठेवायचा? तुम्हीच ना?

जिल्हा खनिज निधीचे केंद्राचे मार्गदर्शन सांगते की निदान ७० टक्के खर्च पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा अग्रक्रमाच्या कामांवर व्हावा. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शनाप्रमाणे खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग ‘प्रत्यक्ष बाधित’ धरला जातो. मोठ्या खनिजांच्या जिल्ह्यांत, चंद्रपूर-गडचिरोलीत, एवढे अंतर ठीक असेल. पण तुर्भ्याच्या डोंगरावर कंपासचे टोक ठेवून नकाशावर १५ किलोमीटरचे वर्तुळ काढा. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, कळवा, अर्धे ठाणे आणि खाडीपलीकडच्या मुंबईचाही मोठा तुकडा त्यात येतो. सीवूड्सच्या बागेतले बाकही मग ‘प्रत्यक्ष बाधित क्षेत्रातले काम’ ठरू शकते आणि क्रशरच्या भिंतीला लागून असलेली वस्ती त्याच यादीत त्याच रांगेत उभी राहते. तसे झालेच आहे असे मी म्हणत नाही. तसे होऊ शकते आणि झाले तर कागदावर ते नियमातच बसेल, एवढेच म्हणते. शहरातल्या दगडखाणींना वेगळे माप हवे.

आता तिसरे. हे जरा सविस्तर सांगते, कारण विधान भवनापर्यंत ते पोहोचत नसावे.

आमच्या घरामागे जी खाण आहे तिचे नाव घेत नाही. दुपारी सुरुंगाच्या आधी भोंगा होतो. भोंगा झाला की बायका भिंतीवरची भांडी उतरवून खाली ठेवतात, पोरांना दारात घेतात. मग पायाखालून एक धक्का येतो, आवाज त्याच्या मागून. भांडी परत वर. मांडणीमागच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत तडा गेला आहे. तो सिमेंटने बुजवून झाला, त्या सिमेंटलाही परत तडा गेला. स्वयंपाकाच्या ओट्याजवळची खिडकी आम्ही ओला पंचा लावून बंद ठेवतो, तरी सकाळी पिठाच्या डब्याच्या झाकणावरून बोट फिरवले की करडी भुकटी बोटाला लागते. पंचा संध्याकाळी पिळला की बादलीत खाली राखाडी थर बसतो. शेजारच्या घरात दम्याचे पंप फ्रिजवर ओळीने लावलेले असतात, एकाच घरातल्या तिघांचे. तड्याची तक्रार घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी कंपनाच्या मोजणीचा अहवाल आणायला सांगितले. ज्या यंत्राने ती मोजणी होते ते आमच्या वस्तीत कुणाच्या माळ्यावर पडलेले असेल, असे त्यांना बहुधा वाटले असावे.

देशाच्या मानकाप्रमाणे हवेतल्या धुळीची, म्हणजे पीएम १०ची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. आमच्या वस्तीत आकडा किती, हे कुणी मोजले तर कळेल. आम्ही मागतो आहोत ते एवढेच की आधी मोजा. खाणपट्ट्याला परवानगी देताना जे धूळमापन कागदावर होते ते खाणीच्या फाटकाजवळ होते की वस्तीच्या नळाजवळ, हेही एकदा तपासा.

आणि खाण संपल्यावर? खोदून झाले, मशिनरी उचलली, माणसे दुसऱ्या पट्ट्यावर गेली, मागे खड्डा राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी साचते, हिरवे आणि खोल, आणि दुपारी पोरे उड्या मारायला जातात. उन्हाळ्यात तोच खड्डा रात्री येणाऱ्या डेब्रिजच्या गाड्यांची फुकट जागा. उभा कापलेला कडा तसाच सोडलेला असतो, त्याच्या पायथ्याशी पत्र्याची घरे, आणि जुलैत मोठा पाऊस लागला की महापालिका स्थलांतराच्या नोटिसा लावते. लोखंड, मँगनीज असल्या मोठ्या खनिजांच्या खाणीला बंद करतानाची हमी आधी द्यावी लागते. २०१७ च्या केंद्रीय नियमांत ती आहे आणि २०२१ मध्ये वाढवून मोठ्या यंत्रांच्या ‘अ’ वर्गातल्या खाणींना हेक्टरी पाच लाख आणि ‘ब’ वर्गाला तीन लाख केली. पण हे नियम गौण खनिजांना लागूच नाहीत. दगडखाणीसाठी असा दंडक करायचा अधिकार राज्याचा आहे. तुमचा आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली तेव्हा अब्जावधी रुपयांच्या प्रकल्पाचे नियोजन होते, मोठमोठे सल्लागार होते. दोन एकरांच्या खाणपट्ट्याला यांतले काही नसते. त्याला लागते ती आधी भरून ठेवलेली अनामत, जी खड्डा भरून, कड्याला पायऱ्या काढून, वर झाडे जगवून दाखवली तरच परत मिळेल.

मालकांची बाजूही लिहिते, नाहीतर उद्या ऑफिसात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आमच्याकडे माल घालणारे बहुतेक क्रशरवाले लहान आहेत. पत्र्याची शेड चारी बाजूंनी बंद करणे, कन्व्हेयरवर झाकण, फवारणीची लाइन, आतला रस्ता काँक्रीटचा, चाके धुवायचा हौद, धुतलेले पाणी परत वापरायची टाकी, या सगळ्याला एकदम पैसा लागतो आणि त्यातून एक रुपया जास्त भाव मिळत नाही. उलट जो हे काही करत नाही त्याची खडी स्वस्त पडते आणि गिऱ्हाईक तिकडे जाते. बँकेत गेले तर खाणपट्ट्याची मुदत किती उरली ते विचारतात आणि व्याजाचा दर ऐकून माणूस उठून येतो. नोटीस आली की हीच मंडळी दोन दिवस फवारे सुरू करतात, तपासणी झाली की बंद. मी त्यांना दोष देते, पण नुसता दोष देऊन भागत नाही हेही मला दिसते.

इथे हरित कर्जाचा, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीच उभारलेल्या पैशाचा, विषय येतो. भारत सरकारने २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पहिल्यांदा १६,००० कोटींचे हरित रोखे काढले. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी हरित ठेवींचे नियम आणले. गाझियाबाद, इंदूर आणि २०२५ मध्ये आपल्याकडची पिंपरी-चिंचवड, या महापालिकांनी हरित कर्जरोखे विकले. केंद्राने हवामान-वित्ताचे वर्गीकरण कसे असावे, म्हणजे कुठली गुंतवणूक हवामानाच्या भल्याची धरायची, याचा मसुदा मे २०२५ मध्ये काढला. पैसा आहे, आणि त्याला जागा शोधणारेही आहेत. पण तो जातो कुठे? घोडबंदर रोडला, पाम बीचला जे टॉवर उभे राहतात त्यांच्या जाहिरातींवर हिरव्या पानाचे चिन्ह असते. छतावर सोलर, फ्लशला पुनर्वापराचे पाणी, सगळे छान. हरित इमारतीच्या मानांकनात जवळून आणलेल्या मालालाही गुण मिळतात, कारण गाडी कमी धावते. म्हणजे आमच्या घरामागची खडी त्या टॉवरला गेली की टॉवरच्या पारड्यात गुण पडतो. ती खडी कुठल्या खाणीतली, तिथे शेड आहे का, खड्ड्याची अनामत भरली आहे का, हे विचारणारे मला अजून कुणी भेटलेले नाही. आमच्याकडून बिलाबरोबर रॉयल्टीच्या पासची प्रत मागतात, त्याच्यापुढे काही नाही.

चौथी गोष्ट दगडाच्या भावाची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे डोंगर खरोखर वाचवता येतो. वाशीत सिडकोच्या जुन्या इमारती पडून त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. ठाण्यात क्लस्टर, म्हणजे जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास, सुरू आहे. पाडकामातून निघणारे काँक्रीट म्हणजे एकदा फोडलेला, एकदा रॉयल्टी भरलेला दगड. तो परत दळून भरावाला, पेव्हर ब्लॉकला, रस्त्याच्या खालच्या थराला चालतो. आज मात्र तो खाडीच्या काठाला किंवा जुन्या खाणीत रात्री ओतला जातो, कारण डोंगरातली ताजी खडी त्याच्यापेक्षा स्वस्त पडते. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि कांदळवनाच्या कडेने डेब्रिज पडणे काही थांबले नाही.

ब्रिटनने यावर एक साधा उपाय केला. २००२ च्या एप्रिलपासून तिथे नव्याने काढलेल्या दगड, रेती, खडीवर टनाला १.६० पौंड कर बसला. पुनर्वापराच्या खडीला कर नाही. २०२५ च्या एप्रिलपासून तो २.०८ पौंड झाला. आपल्या ब्रासच्या हिशेबात ते साधारण हजार रुपये होतात. पहिली काही वर्षे त्यातला काही भाग खाणपट्ट्यांजवळच्या गावांसाठी वेगळ्या निधीत जात होता. २०११ मध्ये तो निधी तिथल्या सरकारने बंद केला, कर मात्र चालू ठेवला. म्हणजे पैसा सरकारी खात्यात गेला की त्याची वाट बदलायला साहेबांच्या देशातही वेळ लागत नाही. म्हणूनच मी म्हणते की निधी नियमात पक्का बांधा, दरवर्षीच्या मर्जीवर ठेवू नका.

आपण काय केले? ताज्या दगडाची रॉयल्टी कमी केली. जुन्या दगडाला काय दिले, ते मला सापडले नाही. केंद्राचे बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. त्यांत मोठ्या बांधकामांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. नियम एकीकडे ओढणार आणि आपली सवलत दुसरीकडे.

अधिकार नसल्याचे कारण यावेळी चालणार नाही. गौण खनिजांचे नियम करायचा अधिकार राज्याकडे आधीपासून आहेच. त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २५ जुलै २०२४ ला आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की रॉयल्टी हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. त्या निकालाने सगळ्याच राज्यांचे डोळे महसुलावर लागले असतील. माझे म्हणणे इतकेच की नवा कर लावाल तेव्हा त्याचा पैसा कुठे जाणार ते त्याच कायद्यात लिहा. शेजारच्या गोव्याकडे बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तिथल्या लोहखनिजाच्या विक्रीतला दहा टक्के भाग कायम निधीत ठेवायला सांगितला, कारण खनिज एकदाच काढता येते आणि पुढच्या पिढीचाही त्यात हिस्सा आहे. आमच्या डोंगरालाही तोच न्याय लावा.

तर मागण्या अशा.

एक, कृत्रिम वाळूला रॉयल्टीत सवलत द्या, पण खनिज प्रतिष्ठानचा दहा टक्के वाटा मूळ ६०० रुपयांवरच आकारा. तसा सुधारित आदेश काढा.

दोन, ठाणे आणि रायगडच्या खनिज निधीत गौण खनिजांतून दरवर्षी किती जमा झाले आणि ते कुठल्या गावात, कुठल्या वॉर्डात, कुठल्या कामावर गेले, हे खाणनिहाय मराठीत प्रसिद्ध करा. शहरी खाणींसाठी १५ किलोमीटरच्या आत आणखी एक जवळचा पट्टा आखा, पहिला हक्क त्या पट्ट्याला द्या. त्यात पहिली दोन कामे घ्या: धूळमापनाचे यंत्र, त्याचा रोजचा आकडा चौकातल्या फलकावर, आणि फिरता दवाखाना, जिथे फुप्फुसाची तपासणी होईल.

तीन, प्रत्येक दगडखाणीकडून सुरुवातीलाच बंदीकरणाची अनामत घ्या. रकमेचा हिशेब हेक्टरवर आणि खोदाईच्या खोलीवर ठेवा. सोडून दिलेल्या खड्ड्यांची यादी करा, त्यांना आधी कुंपण घाला. बेकायदा उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. त्या दंडातला ठरावीक हिस्सा त्याच डोंगराच्या दुरुस्तीला द्या. आज चोरी आमच्या मागे होते आणि दंड तिजोरीत जातो.

चार, नव्या खडीवर लहानसा पर्यावरण अधिभार बसवा आणि पाडकामातून दळलेल्या खडीला तो माफ करा. सरकारी कामांच्या निविदांत, निदान रस्त्याच्या खालच्या थरात, जुन्या दगडाचे प्रमाण सक्तीचे करा. आमच्या ऑफिसात त्या मालाला रोज गिऱ्हाईक आले तर मालक दुसऱ्याच दिवशी यार्डात तो ठेवतील. धंदेवाल्याला भाषण लागत नाही, ऑर्डर लागते.

पाच, धूळ बंद करणाऱ्या, पाणी परत वापरणाऱ्या क्रशरला कर्जाच्या व्याजात सूट द्या. त्याचा भार खनिज निधीने आणि राज्याने वाटून घ्यावा, कर्ज जिल्ह्यातल्या सहकारी बँकांमार्फत जावे. पण हप्ता यंत्र लागल्यावर नव्हे, वस्तीजवळचा धुळीचा आकडा उतरल्यावर सोडा. नाहीतर फवारे पुन्हा तपासणीपुरतेच चालतील. आणि ज्या प्रकल्पांना महापालिका हरित म्हणून चटई क्षेत्र किंवा मालमत्ता करात सवलत देते, त्यांच्याकडून खडीच्या खाणीचे नाव आणि अनामतीची पावती मागा.

यात भाव वाढेल, हे मला माहीत आहे. ब्रासमागे शे-दोनशे रुपये. दीड कोटीच्या फ्लॅटमध्ये ते कुठे दिसणारही नाहीत. माझ्यासारख्यांच्या घराच्या दुरुस्तीत दिसतील, पण तड्यात दरवर्षी सिमेंट भरण्यापेक्षा ते परवडतील.

येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी निदान एकाने हा प्रश्न तारांकित म्हणून लावावा: कृत्रिम वाळूच्या सवलतीमुळे ठाणे आणि रायगडच्या खनिज निधीत किती घट झाली, आणि ती कशी भरून काढणार? उत्तर लेखी आले तर ते आमच्या वस्तीच्या नाक्यावर लावायची व्यवस्था आम्ही करू. पाहणीला यायचे असेल तर मात्र आधी कळवू नका. कळवले की आदल्या रात्री रस्ता धुतला जातो. कामाच्या दिवशी सकाळी सात ते नऊ या वेळेत या, भरलेल्या गाड्या तेव्हा बाहेर पडतात. दुपारी सुरुंगाची वेळ आहे, थांबलात तर तेही दिसेल.

आपली,
खडी-रेतीच्या ऑफिसातली एक हिशेबनीस
तुर्भे, नवी मुंबई